पान नऊवरचा आकडा

शेजारच्या सीटवर बत्तीस पानांची एक पुस्तिका होती, एक लाल पेन, अर्धी पाण्याची बाटली आणि या तिन्हींचा मालक. पुस्तिकेच्या पहिल्या आठ पानांवर लाल खुणा चार. सृष्टीने त्या दोनदा मोजल्या, कारण ती पुस्तिका तिनेच लिहिलेली होती.

लातूर–नांदेड बस अहमदपूरच्या स्टँडवर उभी होती. मे महिन्याचं ऊन टपावर तापत होतं.

सृष्टी औशाची. भौतिकशास्त्रात बी.एस्सी. केलं आणि गेली दोन वर्षं घरी बसून ती कंपन्यांसाठी यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहीत होती – कोणता नट आधी, कोणता नंतर, बोट कुठे घालायचं नाही. एक लॅपटॉप, एक व्हर्नियर कॅलिपर आणि आकृत्या काढायचं एक सॉफ्टवेअर, एवढंच तिचं ऑफिस. पुस्तिकेवर लिहिणाऱ्याचं नाव छापत नाहीत. त्यामुळे शेजारच्याला काही कल्पना नव्हती.

"परीक्षा आहे का?" तिने विचारलं.

तो हसला. "हाय की. मळणीयंत्राच्या कंपनीत आहे मी, लातूरला. आदिनाथ."

"आणि तुमच्याच पुस्तिकेत इतक्या चुका?"

"चुका न्हाईत त्या मॅडम. आवडलं तिथं खूण करून राहिलोय." त्याने पान चार तिच्यापुढे धरलं. "हे बघा. सगळे लिहितात, सैल कपडे टाळा. ही काय लिहिते? 'पदर खोचल्याशिवाय यंत्राजवळ जाऊ नका.'"

सृष्टीच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. उन्हाने असतील.

"ही लिहिते? बाईच कशावरून?"

"पुरुषाला पदर आठवला असता, पण खोचायचा म्हणून न्हाई." तो पुन्हा हसला. "भेटायचंय एकदा तिला."

"कशाला?"

"बघायचंय… इतकं नीट बोलते पण का, की नुसतंच लिहिते."

तिने तोंड खिडकीकडे फिरवलं. हसू लपवायला तेवढी एकच जागा होती. वळून पाहिलं, तर त्याने पान नऊ उघडलेलं, आणि त्याचं हसू गेलेलं.

"इथं मात्र घोटाळा झाला."

तिसऱ्या ओळीतल्या आकड्याभोवती लाल पेन दोनदा फिरलं होतं. 'बियाण्यासाठी मळणी करताना ड्रमचा वेग मिनिटाला ५४० फेरे ठेवा.'

"मी चारशे दिला होता," आदिनाथ म्हणाला. "हदगावजवळ शेषेराव म्हणून शेतकरी आहेत. उन्हाळी सोयाबीन, खास बियाण्यासाठी केलेलं. हे वाचून त्यांनी पुली बदलून वेग वाढवला. शंभर दाणे उगवायला घातले, तर एकेचाळीसच उगवले. सत्तरच्या खाली कुणी पेरत न्हाई. तिकडंच चाललोय."

बस सुटली. सृष्टीने मांडीवर लॅपटॉप उघडला आणि कंपनीकडून आलेला मूळ तक्ता काढला. ट्रॅक्टरच्या मागच्या शाफ्टचा वेग, ५४०. त्याच्या वर ड्रमचा वेग, ४००. तक्ता पुस्तिकेत चिकटवताना तिने एक रिकामी चौकट काढून टाकली होती, आणि खालचे सगळे आकडे एक घर वर सरकले होते. शाफ्टचा आकडा ड्रमच्या घरात जाऊन बसला होता. ते पान तिने अकरा वेळा वाचलं होतं.

लॅपटॉप मिटणं सोपं होतं. नांदेडला उतरून तो हदगावला गेला असता, ती नांदेडातल्याच एका डाळमिलच्या कामाला. कुणाला कळलं नसतं. पेरणी तीन आठवड्यांवर होती.

लोह्याचा स्टँड आला तेव्हा ती म्हणाली, "ती मी आहे."

"कोण?"

"पदरवाली. आणि… पाचशेचाळीसवाली पण."

आदिनाथने तिच्याकडे पाहिलं, मग लॅपटॉपकडे. लोहा मागे पडलं. मग त्याने खिशातून मोबाईल काढला आणि दोन महिन्यांपूर्वीचा एक ईमेल तिच्यासमोर धरला. 'पुस्तिका तपासली. छापायला हरकत नाही. – आदिनाथ.'

"आकृत्या तपासल्या," तो हळूच म्हणाला. "मग पान चार वाचत बसलो… दोन-तीनदा. आकडे तसेच राहिले."

"म्हणजे?"

"म्हणजे चूक निम्मी तुमची, निम्मी माझी."

नांदेडच्या स्टँडवरून त्याने कंपनीचे मालक विनोद यांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. पलीकडचा आवाज सृष्टीलाही ऐकू आला. "दोनशे बारा यंत्रं गेलीत बाजारात! सगळ्यांना सांगू, आम्ही चुकलो म्हणून? त्याचं सोयाबीन ओलं असेल. आधी सिद्ध करा. नाही झालं, तर त्या लिहिणारीचं काम बंद, आणि तुझंही."

सृष्टीने डाळमिलला नकार कळवला आणि हदगावची गाडी धरली.

शेषेरावांच्या खळ्यावर अजून एक गंजी मळायची बाकी होती. त्यांच्या बायकोने, गुणाबाईने, सृष्टीला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"हीच का ती? कागदावर लिहून मोकळी झालीस माय, अन् आमचं बी गेलं."

"हाव मावशी. मीच." सृष्टीने ओढणी कमरेला घट्ट खोचली आणि यंत्राजवळ गेली. गुणाबाईने ते बघितलं आणि स्वतःचाही पदर खोचला.

सृष्टीचा हट्ट एकच होता. एकाच गंजीतलं सोयाबीन दोन्ही वेगांनी मळायचं, म्हणजे ओलाव्याचा बहाणा उरणार नाही. आधी ५४०. मग आदिनाथने ड्रमला मोठी पुली बसवली आणि सृष्टीने वेग मोजायचा टॅकोमीटर धरला.

"चारशे," तो वाकून म्हणाला.

"तीनशे अठ्ठ्याण्णव." तिने वहीत लिहिलं.

"तुमच्याशी भांडायचं म्हणलं तर लई तयारी लागंल."

"भांडायचंय?"

"सवय करून राहिलोय."

गुणाबाईने दोन ओली गोणपाटं पसरली. प्रत्येकावर एकेका वेगाच्या ढिगातले, न निवडता घेतलेले शंभर दाणे मांडले – दहाच्या दहा ओळी – आणि गुंडाळी करून दोरी बांधली. "पाणी मी शिंपडीन. सातव्या दिवसापर्यंत कुणी उघडायचं न्हाई."

"सात दिवसांत बाकीचे दोनशे अकरा जण मळून मोकळे होतील," सृष्टी म्हणाली.

आदिनाथच्या पिशवीत वॉरंटी कार्डांची यादी होती. प्रत्येक नावापुढे फोन नंबर. त्याने यादी मधोमध फाडली. "एकशे सहा तुम्ही. एकशे पाच मी."

"साहेबांना कळलं तर?"

"कळंलच."

रोज संध्याकाळी सहाला औशाला त्याचा फोन यायचा.

"किती झाले?"

"एकोणीस. त्यातल्या दोघांनी आधीच मळलंय…"

"माझे बावीस. हरलात."

"मी समजावून सांगते. तुम्ही नुसतं 'मळू नका' म्हणून फोन ठेवून देता."

"मग शिकवा की नीट बोलायला."

चौथ्या दिवशीचा फोन त्रेचाळीस मिनिटांचा झाला. त्यातली दोन मिनिटं हिशेबाची होती. बाकीच्या एक्केचाळीस मिनिटांत काय बोलणं झालं, हे तिने वहीत लिहिलं नाही.

पाचव्या दिवशी सहा वाजले. साडेसहा वाजले. फोन आला नाही. तिने लावला, तर बंद. सहाव्या दिवशी अनोळखी नंबरवरून एवढाच निरोप आला – 'साहेबांना कळलं. उद्या हदगावला या.'

हदगावच्या स्टँडवर तो उभा होता. दाढी वाढलेली, डोळे बसलेले.

"पुराव्याआधी कंपनीची बदनामी केली म्हणाले. कंपनीचा फोन काढून घेतला. आज आकडा सत्तरच्या वर आला तर सगळ्यांना दुरुस्तीचं पान पाठवतील. न्हाई आला तर… उद्यापासून येऊ नको म्हणाले."

खळ्यापर्यंत दोघं पायीच निघाली. तिची चप्पल एकदा ढेकळात अडखळली, त्याने हात पुढे केला. गरज संपल्यावरही तो हात पाच-सहा पावलं तिथंच राहिला.

गुणाबाईने सावलीतून दोन्ही गुंडाळ्या आणून ठेवल्या आणि दोरीच्या गाठीला हात घातला.

"थांबा काकू," आदिनाथ म्हणाला. "एक मिनिट."

"आता काय रे? मुहूर्त काढतोस का?"

"सृष्टी…" आजवर तो मॅडम म्हणत होता. "आकडा कळायच्या आधी विचारतो. नंतर विचारलं, अन् आकडा चांगला असला, तर तुम्ही खुशीत हो म्हणाल. वाईट असला तर माझी दया येईल. मला दोन्ही नको. लग्न कराल माझ्याशी?"

शेषेरावांना एकदम यंत्राची पुली तपासायची आठवण झाली. गुणाबाईने पदर तोंडाला लावला.

"निरीक्षणाआधी निष्कर्ष लिहू नये, असं शिकवलंय आम्हाला," सृष्टी म्हणाली.

"मग… थांबू?"

"माझं निरीक्षण झालंय. सात दिवसांचं." तिने सरळ त्याच्या डोळ्यांत पाहिलं. "हाव."

"लिहून देता?"

"देते. या वेळी तपासून मात्र नीट घ्यायचं."

"झालं का तुमचं?" गुणाबाई म्हणाल्या. "सोड माय आता ती दोरी. जीव टांगणीला लागलाय माझा."

सृष्टीने गाठ सोडली. तिने डावीकडून मोजलं, आदिनाथने उजवीकडून. मोजताना कुणी कुणाकडे पाहिलं नाही. मग दोघांनी आपापला आकडा वेगवेगळ्या कागदावर लिहिला आणि कागद शेजारी शेजारी ठेवले. दोन्ही कागद जुळले.

५४० फेऱ्यांचं गोणपाट – शंभरपैकी चव्वेचाळीस.

३९८ फेऱ्यांचं – शंभरपैकी त्र्याऐंशी.