फायबरची घंटा

फायबरची घंटा पिकअपमध्ये टाकून कैवल्य दुबईजवळच्या उम्म अल कुवैनच्या साइटवर पोचला, तेव्हा माणसं ताडपत्रीखाली आडवी झाली होती. उन्हाळ्यात भर दुपारी उघड्यावर कामाला सरकारी बंदी. समोर त्याच्या बापाचं कंत्राट उभं : रिसॉर्टसाठी अमेरिकेतल्या जुन्या स्पॅनिश मिशन चर्चची नक्कल. मातीच्या विटांच्या हातभर जाड भिंती, दर्शनी भिंतीच्या माथ्यावर घंटेसाठी कमान.

आर्किटेक्चर अर्धवट सोडलेल्या पोराने बापाला इतिहासही सांगून पाहिला होता. "घंटा वाजली की पाद्री तिथल्या मूळ माणसांना विटा थापायला जुंपायचे. पळाला की धरून आणायचे."

"शिस्त म्हणतात त्याला," चंद्रहास म्हणाले होते. "तुला असती तर डिग्री हातात असती."

कैवल्यने एकट्यानेच चढून घंटा टांगली. आत लोलक नव्हता, नुसती शोभेची. तो खाली उतरला आणि घंटा वाजली. एकदाच. जड, पितळी आवाज.

ताडपत्रीखालची माणसं उठली. डोळे मिटलेले. उन्हात जाऊन गुडघ्यांवर बसली आणि साच्यांत माती थापू लागली. त्यांत तुकाराम गवंडीही. परवाच उन्हाने कोसळला होता तो. आज पुन्हा पडला तर उठणार नव्हता.

कैवल्यने केबिनचं दार ढकललं. एसीचा गार झोत आला.

"पप्पा, यांना थांबवा."

"स्वतःहून उठलेत. हँडओव्हर तोंडावर आलाय."

"झोपेत आहेत ते..."

"मग उठवू नकोस." चंद्रहासांनी दार लावून घेतलं.

हा माणूस असाच. कैवल्य वळला. त्याने तुकारामच्या काखेत हात घातला. "दादा, खलास, काम बंद. चला." सावलीत टेकवताच तुकारामने डोळे उघडले. मग दुसरा, तिसरा. उन्हाने त्याची पाठ सोलवटत होती, पण एकालाही त्याने उन्हात सोडलं नाही.

सगळे ताडपत्रीखाली आले. थापण्याचा आवाज थांबला नाही...

भिंतीशी कुणीतरी पाठमोरं बसलं होतं. कैवल्यने त्याचं मनगट धरलं. त्या उन्हात ते बर्फासारखं गार. आपली सगळी माणसं मागे सावलीत आहेत, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तरी त्याने हात सोडला नाही.

"चल," तो हळू म्हणाला. "तूही सावलीत चल..."

आवाज थांबला. गार बोटं त्याच्या हातावर वळली. मागे अनवाणी पावलं उठली, पुष्कळ. कैवल्य ताडपत्रीकडे चालू लागला. त्याने वळून पाहिलं नाही.

तुकाराम मात्र कैवल्यच्या पाठीमागे पाहत होता. तो सरकला, जागा केली. मग आणखी सरकला. सरकतच राहिला.