छत्तीसच्या खाली

चौऱ्याण्णव सालच्या मार्चमध्ये बनशंकरीतल्या आमच्या घरामागे मी दहा मीटरचा ॲल्युमिनियमचा पाइप उभा केला. हौशी रेडिओचा परवाना वीस वर्षांचा, पण अँटेनाला स्वतःची जागा पहिल्यांदाच मिळाली होती.

पहिल्याच सकाळी बेळगावहून मित्र हयवदन रेडिओवर म्हणाला, "रघुअण्णा, उशीत तोंड घालून बोलतोयस काय?"

दोष जमिनीचा होता. आमच्याकडची लाल, कोरडी माती वीज धड वाहू देत नाही. उभ्या अँटेनाची निम्मी ताकद तिच्यातच मुरते. उपाय एकच: बुंध्यापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या तांब्याच्या तारा पुरायच्या. त्यांना रेडियल म्हणतात.

मी चार तारा पुरल्या आणि बुंध्याशी रोध मोजला. अडुसष्ट ओहम. त्यातले छत्तीस अँटेनाचे स्वतःचे, उरलेले जमीन खाते. आठ तारांवर छप्पन्न झाले, सोळांवर सेहेचाळीस. हयवदन खूष, मीही.

आठवड्याने सहज मोजलं, तर छत्तीस. अँटेना समुद्राच्या पाण्यावर उभी केली असती तर कदाचित हा आकडा आला असता. मापक बिघडला असेल म्हणून मी काम करायचो त्या कारखान्यातून दुसरा आणला. तोवर एकतीस झाले होते.

छत्तीसच्या खाली जाता येत नाही. जमीन आता काही खात नव्हती. देत होती.

"अहो," कपडे वाळत घालता घालता पद्मावती म्हणाली, "इथं सावलीत पण माती कोमट लागते पायाला. स्वल्प बघा की."

मी हात टेकवला. तापलेल्या माणसाच्या कपाळासारखी होती.

सगळं उपटायचं ठरवलं. उत्तरेकडची तार आधी घेतली. चार बोटं खोल मातीतून ती सरसर उसवत गेली. कुंपणाच्या भिंतीपाशी ती संपायला हवी होती. तिथे ती सरळ खाली उतरत होती.

तार मी स्वतः कापली होती. दहा मीटर.

ओढली. बारा आली. मग वीस. सगळी नवी, लखलखीत.

मी ओढायचा थांबलो.

तार थांबली नाही. माझ्या मुठीतून ती हळूहळू परत खाली जाऊ लागली. तळहात कापला. सोडायचंही सुचेना.

"सोडा हो!" पद्मावती पक्कड घेऊन धावली आणि तिनेच तार तोडली. तुटलेलं टोक मातीत दिसेनासं झालं. भर दुपार होती.

त्याच दिवशी पाइप उतरवला, हाती आलेल्या तारा भंगारात दिल्या, रेडिओ खोक्यात बांधला. मागच्या जागेत सिमेंट ओतून घेतलं.

दहा दिवसांनी हयवदनचा फोन आला.

"अण्णा, काय झकास येतोय रे तुझा आवाज! शेजारच्या खोलीतून बोलल्यासारखा."

"मी बंद आहे," मी म्हणालो. "पाइपसुद्धा उतरवला."

"चेष्टा पुरे. रोज सकाळी सातला तुझीच परवान्याची खूण, तुझाच आवाज. दोन दिवस झाले, वहिनी पण बोलतात."

पद्मावती माझ्यासमोर बसून शेंगा सोलत होती. माझा चेहरा पाहून तिचे हात थांबले.

"काय बोलतात?"

"एकच विचारतात, वर अजून उजेड आहे का. आज मी म्हटलं, आहे की, लख्ख आहे." हयवदन हसला. "तर म्हणाल्या, सरी, ठीक आहे, मग वर येतो आम्ही."