हिसकावलेला वाडगा

पाऊस आला तो कोणालाही न विचारता. सबिना धावत अंगणात गेली, चटईवर वाळत घातलेल्या लाल मिरच्या तिने ओच्यात भरल्या आणि परत वळणार, एवढ्यात तिला दोन पाय दिसले. उतारावर विक्रीला मांडलेल्या रांजणांपैकी एक थोरला रांजण आडवा पडला होता, आणि त्याच्या तोंडातून गवती चपला घातलेले दोन पाय बाहेर आले होते.

ती वाकली. आत एक तरुण पाठ टेकून निवांत बसला होता.

"हा रांजण विकायचा आहे," ती म्हणाली.

"म्हणून तर बघतोय. राहून बघितल्याशिवाय घर कोण घेतं?"

"मग? आवडलं घर?"

"घर बरं आहे..." त्याने मान तिरपी करून तिच्या भिजलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं. "शेजार कसा आहे, ते अजून कळलं नाही."

सबिनाने ओच्यातली एक मिरची नेम धरून त्याला मारली. ती कपाळाला लागली. त्याने ती उचलून चावली, आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत राहिला.

त्याचं नाव मानसोक. युद्धात उत्तरेकडचं घर गेलं, माणसं गेली, आणि दहा वर्षं इथे तिथे मजुरी करत तो तोक्कोलच्या खोऱ्यात येऊन पोचला होता. सबिनाच्या वडिलांना माती तुडवायला माणूस हवाच होता. तो राहिला. दोन वर्षांत माती तुडवता तुडवता चाकावर बसला, आणि चाकावर बसल्यावर नजर वर करून अंगणाकडे बघायलाही शिकला.

तोक्कोल म्हणजे एकवीस घरं, तीन भट्ट्या आणि एक प्रार्थनाघर. सगळी घरं कुंभारांची, सगळी ख्रिस्ताची. ख्रिस्ती माणसांच्या छळाच्या काळात पणजोबा-खापरपणजोबा डोंगरात लपले, आणि मडकी विकायच्या निमित्ताने गावोगाव फिरून आपल्या माणसांची खबर घेत राहिले. फादर इथे राहत नसत. ते वर्षातून दोनदा येत, वसंतात आणि शरदात. त्याच दोन दिवसांत पापांच्या कबुल्या, बाप्तिस्मे, लग्नं सगळं उरकायचं. एरवी रविवारी मंडळीचे प्रमुखकाका प्रार्थना सांगत. पुरुष डावीकडे, बाया उजवीकडे. एक ओळ पुरुषांनी गायची, दुसरी बायांनी. आणि खरं सांगतो, ज्याने तोक्कोलची ती प्रार्थना ऐकली आहे, त्याला कोरडं प्रवचन पुन्हा गोड लागणार नाही. शुभवर्तमान तिथे सांगत नसत, आळवत असत.

मानसोकचा बाप्तिस्मा झाला नव्हता, तरी तो दर रविवारी दाराशी बसायचा. बायांची ओळ आली की त्याची मान आपोआप उजवीकडे वळायची. सबिनाचा आवाज त्या ओळीत सगळ्यात वर असायचा... जरा जास्तच वर.

मग फेब्रुवारीत त्याला ताप आला.

अकराव्या दिवशी ताप डोक्यात गेला. प्रमुखकाका फादरना आणायला चार कोस बर्फ तुडवत निघाले, पण खिंड बंद झाली होती. भट्टीशेजारच्या खोलीत सबिना, तिची आई आणि प्रमुखकाकांची मुलगी बार्बरा आळीपाळीने बसत होत्या. त्या सकाळी मानसोकने डोळे उघडले आणि अगदी शुद्धीवर असल्यासारखं म्हणाला, "पाणी घाला. मला तुमच्यातला करून घ्या."

मरणाच्या दारात असलेल्याला कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतं, हे तोक्कोलमधल्या पोरासोरांनाही पाठ. सबिनाने वाडग्यात पाणी घेतलं. तिने वाडगा उचलला, तोंड उघडलं, आणि बार्बराने तो तिच्या हातातून हिसकावला. इतक्या जोरात, की अर्धं पाणी सबिनाच्या घागऱ्यावर सांडलं. उरलेलं पाणी बार्बराने त्याच्या कपाळावर ओतलं, पिता-पुत्र-पवित्र आत्म्याचं नाव घेतलं, त्याला 'योसेफ' म्हणून हाक मारली, आणि मागे न बघता खोलीबाहेर गेली.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. सबिनाचा मात्र तेव्हा चढला.

योसेफ! नाव ठेवायचा मानसुद्धा हिचाच. अख्खं गाव त्याला योसेफ म्हणायला लागलं. भाताची पेज घेऊन बार्बरा आली की तो उठून बसायचा आणि दोन्ही हात जमिनीला टेकून तिला वंदन करायचा. डोंगरातली पहिली रानभाजी त्याने खुडली, ती बार्बराच्या घरी. छपराला भोक पडलं, तेही बार्बराच्याच, आणि शिडीवर कोण? हाच. नव्या चाकावरची पहिली बरणीसुद्धा त्याने तिला दिली, बोटाने मासा काढलेली. सबिनाच्या वाट्याला काय आलं? "ही जरा तडकली आहे, मीठ ठेवायला चालेल," म्हणून दिलेलं एक बोळकं. तिने ते परसात नेऊन दगडावर फोडलं, मग तुकडे वेचताना बोट कापून घेतलं, आणि बोट कोणामुळे कापलं याचाही हिशेब बार्बराच्याच नावावर टाकला.

रविवारी ती पुरुषांची ओळ संपायच्या आत बायांची ओळ उचलायला लागली. शेजारी बसलेल्या बार्बराचा आवाज आपल्यापुढे जाऊ नये म्हणून. देवाची स्तुती करता करता सबिना डोळ्यांच्या कोपऱ्यातून मोजत होती, तो उजवीकडे किती वेळा बघतो. सात वेळा. पण सातातले माझ्याकडे किती आणि तिच्याकडे किती? दोघी एकाच चटईवर, समजायचं कसं?

एकदा विहिरीवर तिने त्याला गाठलंच. त्याच्या हातात बार्बराची घागर होती.

"पाणीसुद्धा तूच भरतोस का तिचं?"

"ती मला आईसारखी आहे आता," मानसोक साधेपणाने म्हणाला.

"माझ्याएवढी आहे ती. आई म्हणे."

"सबिना... माझं काही चुकलं का?"

"छे. योसेफचं काय चुकणार?" ती म्हणाली, आणि रिकामीच घागर डोक्यावर घेऊन निघून गेली.

त्यात सबिनाच्या मावशीने एक दिवस किमचीचं तिखट लोणचं कालवता कालवता सहज म्हटलं, की बार्बरा आणि योसेफला देवानेच पाण्याने जोडलंय, फादर आले की लग्न उरकून टाकावं. सगळ्या बायांनी माना डोलावल्या. सबिनाने किमचीच्या रांजणात मीठ तीनदा घातलं.

मे महिन्यात फादर आले. खेचरावरून उतरताना कमरेला हात लावून म्हणाले की उद्या सकाळी मिस्सेची उपासना करून निघायचं आहे, पुढे अजून चार गावं आहेत. दुपारपासून कबुलीची रांग लागली. प्रार्थनाघराच्या कोपऱ्यात कागदी पडदा, पडद्याआड फादर.

सबिना गुडघे टेकून बसली आणि सगळं ओतून मोकळी झाली. बार्बराचा हेवा वाटतो, तिचा आवाज नकोसा होतो, तिच्या छपराला आणखी भोकं पडावीत असं एकदा वाटलं, नाही, दोनदा. कारण तिने पाणी घातलं आणि आता ती त्याच्याशी लग्न करणार.

मग फादरनी शांतपणे विचारलं, पाणी नक्की तिनेच घातलं ना? ती हो म्हणाली.

"मुली, बाप्तिस्म्याचं पाणी घालणारी त्याची आई होते. धर्माच्या नात्याने सख्खी. आईचं आणि मुलाचं लग्न लागतं का? या अख्ख्या प्रांतात त्या पोराशी लग्न करू शकणार नाही अशी एकच पोरगी आहे. आणि तू नेमका तिचाच हेवा करत बसलीस?" कागदी पडदा हलला. फादर हसत होते, की खोकत होते, देव जाणे. "जा. तिची क्षमा माग. हेच तुझं प्रायश्चित्त. आजच्या आज."

गावाला हे ठाऊक नसावं, यात नवल नाही. तोक्कोलमध्ये असं पाणी घालायची म्हातारी आणि घेणाराही म्हातारा. घेतल्यावर तो सुखाने स्वर्गात जायचा. जगून वाचून पुन्हा लग्नाला उभा राहिलेला मानसोक हा पहिलाच. पण रांगेतून बाहेर पडताना सबिनाच्या मनात एकच प्रश्न घुमत होता. बार्बराला तरी ठाऊक होतं का?

बार्बरा ओसरीवर वेदीचं पांढरं कापड दगडावर ठेवून दोन दांडक्यांनी बडवून सपाट करत होती, उद्याच्या मिस्सेसाठी. हे काम समोरासमोर बसून दोघींनी करायचं, एकीचा ठोका पडला की दुसरीचा. बार्बरा एकटीच करत होती. सबिना समोर बसली, दुसरी दोन दांडकी उचलली आणि ठोका धरला. टक-टक, टक-टक.

"तुला माहीत होतं?" शेवटी तिने विचारलं.

"गावातल्या लग्नांची बाबांकडची कागदपत्रं मीच लिहून काढते. कोणाचं लग्न कोणाशी लागत नाही, त्याची यादी मला प्रार्थनेपेक्षा पाठ आहे."

"मग वाडगा का घेतलास?"

"तुझा हात वर गेला होता."

टक-टक. सबिनाचा ठोका चुकला. बार्बराने तिची वाट पाहिली, मग पुन्हा सुरुवात केली.

"आणि तुला... तुला तो आवडत नव्हता?"

"आवडत होता ना." ती कापडाकडेच बघत होती. "पण ताप चढला की तो तुझं नाव घ्यायचा. तू पाणी आणायला गेलेली असायचीस. तीन दिवस ऐकलं मी. त्याने माझं नाव घेतलं असतं ना सबिना, तर वाडगा तुझ्याच हातात राहू दिला असता. वर म्हटलं असतं, नीट ओत गं, सांडू नकोस."

दोघी एकदमच हसल्या. मग दोघींनीही एकदमच नाकं पुसली.

"मला क्षमा कर," सबिना म्हणाली.

"करते. पण मला संत-बिंत समजू नकोस. तो दोन्ही हात टेकून आई म्हणतो तेव्हा अंगाचा तिळपापड होतो माझा. त्याला सांग, भाजी पाठव, वंदन नको." तिने दांडकी खाली ठेवली. "आणि इथे बसून काय करतेस? फादर सकाळी निघतील. मग थेट शरदात."

सबिना उठली. फाटकापर्यंत जाईतो तिला आता बार्बराच्या मोठ्या मनाचाही हेवा वाटू लागला होता.

पाऊस बारीक, पिठासारखा पडत होता. मानसोक भट्टीच्या तोंडाशी एकटाच होता. आग लावून दुसरा दिवस, ती सोडून हलता येत नाही, म्हणून सबिनाचे वडील कबुलीला गेले आणि तो राखणीला राहिला. पाइनची लाकडं आत टाकत असताना त्याने तिला पाहिलं आणि पुन्हा आगीकडे तोंड केलं.

"वाडगा तुझ्या हातात होता," तो एकदम म्हणाला, जणू तीन महिने हेच वाक्य तोंडात धरून बसला होता. "मी बघत होतो. मग तू तो दिलास. मला वाटलं... तुला मी तुमच्यात नकोच होतो."

"दिला नाही रे. हिसकावला तिने."

"का?"

"कारण जी पाणी घालते, तिला लग्न करता येत नाही."

"कोणाशी?"

सबिनाने आभाळाकडे पाहिलं. "तुझ्याशी, गाढवा."

तो हातात ओंडका घेऊन तसाच उभा राहिला. आगीचा उजेड त्याच्या गालावर हलत होता. "म्हणजे तुला... तुला करता येतं?"

"येतं."

"पण मी अजून विचारलं कुठे?"

"मग विचार ना. फादर उद्या सकाळी जातायत."

त्याने विचारलं. काय शब्द वापरले, ते भट्टीच्या आवाजात आपल्याला ऐकू आलं नाही. सबिनाला आलं. तिने त्याच्या हातातला ओंडका काढून घेतला आणि म्हणाली, "आग मी बघते. पळ."

तो पळाला. ती एकेक लाकूड आत सारत राहिली. ठिणग्या उडाल्या, केस धुराने भरले, आणि बायांची ओळ ती मोठ्याने गात राहिली. पुरुषांची ओळ आली की थांबायची, जेवढी लागते तेवढी, एक क्षणही कमी नाही.

तो परत आला तेव्हा नखशिखांत भिजला होता. दम खात त्याने सांगितलं की तुझे वडील रांगेतच होते. आधी ओरडले, भट्टी कोणाच्या जिवावर टाकून आलास म्हणून. सबिना बसली आहे, आणि का, ते कळल्यावर मलाच धरून फादरांपुढे नेलं.

"आणि फादर?"

"शरदात लावतो म्हणाले." तो कान खाजवू लागला. "तापात बाप्तिस्मा झाला, शिकवण काहीच नाही, आधी धर्मप्रश्न पाठ कर म्हणाले. बार्बरा तिथेच होती. ती म्हणाली, मी शिकवीन."

सबिनाच्या हातातलं लाकूड जरा जोरातच आगीत पडलं. "तिला कशाला तसदी? तिला कापडं बडवायची असतात. मी शिकवीन."

"बरं."

"किती प्रश्न आले तुला?"

"पहिल्यालाच अडलो. फादरनी विचारलं, देवाने तुला कशासाठी निर्माण केलं? मी म्हटलं... सबिनासाठी."

रांगेतले सगळे हसले होते म्हणे, फादर सोडून. फादरनी त्याच्या ओल्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, ती दुसरी. पहिला तो निर्माण करणारा. हे नीट मनात बसवून शरदात ये.

सबिनाने आणखी एक लाकूड आगीत सारलं. दुसरी. आयुष्यात कोणाच्या मागे एक पाऊल उभं राहायचं म्हटलं की तिच्या पोटात दुखायचं. आज तिने थांबून पाहिलं, कुठे दुखतंय का. कुठेच नाही. देवाच्या, त्या एकाच्या पाठी तिला हवी तेवढी जागा होती.

"म्हण माझ्यामागून," ती म्हणाली, आणि जरा सरकून त्याला आगीजवळ बसायला जागा करून दिली.