काचेवरचं अस्तर

हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांना आतून एक अस्तर असतं, जेमतेम एका पेशीइतकं जाड. ते शांत असलं की रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्यावरून घरंगळत निघून जातात. त्याला सूज आली की त्या चिकटतात, आत शिरतात, आणि पुढे कधीतरी माणूस छाती धरून खाली बसतो. हे अस्तर काचेवर वाढवायचं, त्याला मुद्दाम सूज आणायची आणि ती मोजायची, हे माझं काम. अकरा वर्षं करते आहे.

आमच्या प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञ बाई तेच एकोणतीस वर्षं करत होत्या. सूज आधी कुठे धरते, हे पहिल्यांदा त्यांनाच दिसलं. "मॅडम, वाहिनीला फाटा फुटतो ना, तिथे बघा. मी केव्हाची बघतेय." मी बघितलं. दोन वर्षांनी त्यावर आमचा शोधनिबंध छापून आला. त्यात बाईंचं नाव नव्हतं. आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी काढलं, असं मी त्यांना सांगितलं. "असू द्या," एवढंच म्हणाल्या आणि काचा धुवायला गेल्या.

मागच्या वर्षी बाई वारल्या. हृदयविकारानेच. धाकटी बहीण सह्या करायला आली. "ताईने लिहून ठेवलंय, हृदय तुमच्याकडेच द्यायचं." डबीवर नियमाप्रमाणे फक्त क्रमांक होता, पण त्या दिवशी डबी एकच आली होती.

पेशी सुरेख वाढल्या. पहिल्या चाचणीला मी त्यांच्यावरून पांढऱ्या पेशी सोडल्या. सूज आणणारं द्रव्य अजून बाटलीतच होतं. तरी त्या चिकटल्या. काच बघता बघता गच्च भरली.

मी तापमान तपासलं, पोषक द्रव बदलला, जंतू शोधले. काही नाही. शेजारच्या काचा शांत. कॅमेऱ्याच्या फोटोंत दिसायचं, संध्याकाळी मी घरी गेले की बाईंच्या काचेवरच्या पांढऱ्या पेशी सुटायच्या, सकाळी पुन्हा धरायच्या. एकदा चिकटलेल्या पेशी अशा सुटत नाहीत.

सर रोज सकाळी एक फेरी मारायचे. त्यांचा आवाज दारात आला की माझी नजर सूक्ष्मदर्शकाच्या पडद्याकडे जायची. काच भरलेलीच असायची. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. म्हटलं, ओळखलं बाईंनी.

मग सर तीन आठवडे परदेशी गेले. काच रोज भरत राहिली.

मी चार दिवस रजा टाकली. कॅमेरा दर दहा मिनिटांनी फोटो घेत होता, पोषक द्रव सहकारी बदलणार होता. पाचव्या दिवशी जावं की नाही, हेच ठरेना. घरातच रेंगाळले. शेवटी अकरा चाळीसला कुलूप लावलं.

पोचले तेव्हा साडेबारा वाजले होते. सहकारी फोटो पुढे सरकवत होता.

"चार दिवस आरशासारखी स्वच्छ होती. मी तर म्हटलं, सुटलो एकदाचे. आज बघ."

"कधीपासून?"

"अकरा चाळीस."

मी खुर्ची ओढून बसले.

"काय गं, बरं वाटत नाही का?"

"पाणी दे जरा."

तो पाणी आणायला गेला. पडद्यावर पेशी एकमेकींवर चढत होत्या.

"नाव मी काढलं," मी हळूच म्हणाले. "सरांना माहीतसुद्धा नव्हतं."

काहीच बदललं नाही. एकही सुटली नाही.

दुपारी बाईंच्या बहिणीला फोन केला. तिच्यापाशी तरी कबूल करायचं होतं. सगळं सांगितलं.

"ताईला माहीत होतं," ती म्हणाली. "निबंध आला त्याच दिवसापासून."

"मग मला बोलल्या का नाहीत?"

"काय बोलणार? काम तुमच्याच हाताखाली करायचं होतं." तिने श्वास घेतला. "त्रास मात्र तेव्हाच सुरू झाला. ती लवकर जायची ना, काचा मांडायला. शेवटच्या वर्षी मी सोबत येऊन बसायचे. तुम्ही येण्याआधी पाऊणएक तास हात एकदम थांबायचे तिचे. छातीवर तळवा ठेवायची आणि म्हणायची, निघाल्या मॅडम घरून."