हजार वॅटचा बल्ब

ज्यांना हसायचंय त्यांनी आत्ताच हसून घ्या. ही गोष्ट खरी आहे. माझ्या घरातली आहे. आणि ती मी इथे टाकतेय, कारण शेवटी मला तुमच्याकडून एक वस्तू हवी आहे.

इंदूर. गेल्या मे महिन्यातली भर दुपार. छत्रीबागेजवळचा एक जुना नाटकाचा हॉल. नाव नाही सांगत.

हो, दुपारच! भुतं रात्रीच येतात हे कोणी ठरवलं? हॉलची दारं लावली की आत डोळ्यात बोट घातलं तरी दिसत नाही.

सुधाकर माझा मामेभाऊ. नोकरी बँकेत, पण जीव सगळा नाटकाच्या लाइट्समध्ये. त्याची बायको ऋजुता आमच्या मंडळाची हिरोइन. मला चिडवायला मुद्दाम "वन्सं" म्हणायची. अख्ख्या खानदानात तीच एक म्हणायची.

मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात न्यूमोनियाने गेली बिचारी. शेवटी एकच धोशा, "सुधा, थंडी वाजतेय रे." त्याने ब्लँकेटांवर ब्लँकेटं घातली, तळपाय चोळले. ऊब काही आली नाही.

मागे राहिली उर्वी. एकुलती एक पोर. इंदूरजवळच राऊला कॉलेजात जायची. आईसारखीच दिसायला, आईसारखीच तोंडाळ. मला लांबूनच "ए आत्या" म्हणून ओरडणार. सुधाकर तिच्याकडे बघून जगून राहिला होता, दुसरं काय!

मंडळाने ऋजुताचंच नाटक परत बसवायला घेतलं. रोल उर्वीला दिला.

आता आमचा एक रिवाज सांगते, म्हणजे पुढचं समजेल. स्टेजवर कोणी कुठे उभं राहायचं, तिथे अंधारात चमकणारी पट्टी चिकटवलेली असते. मंडळातलं माणूस गेलं की त्याची पट्टी उचलायची. नवीन येणाऱ्याने आपल्या हाताने नवी लावायची. का, ते मला माहीत नाही. जुन्या लोकांनी करून ठेवलंय, आपण करायचं.

सुधाकरने ऋजुताची पट्टी उचलली नाही.

"हात जाईना, शैलजा," एवढंच म्हणाला मला.

त्या दुपारी, म्हणजे प्रयोगाच्याच दिवशी, उर्वीला यायला उशीर झाला. हॉलचा इलेक्ट्रिशियन बंटी, चांगला पन्नाशीचा गडी, चहाला गेला होता. सुधाकर एकटाच शिडीवर चढून लाइटचा फोकस लावत होता.

फोकस लावताना खाली पट्टीवर कोणीतरी उभं राहावं लागतं. उजेड नीट तोंडावर पडला की त्याने "आलं" म्हणायचं. ऋजुताची त्यातही तऱ्हा! डोळे मिटून, डावा गाल वर करून उभी राहायची. गालाला शेक लागला की म्हणायची, "आलं."

खाली कोणी नव्हतं. पण सवयीने त्याच्या तोंडून गेलं,

"आलं का?"

...

"नाही."

सुधाकरचा हात दिव्यावर तसाच राहिला.

"उर्वी? आलीस का गं?"

दार बंद होतं. पंखे बंद होते. खाली उजेडाचं गोल वर्तुळ, आणि वर्तुळात कोणीच नाही.

"ऊब लागत नाही रे, सुधा..."

त्याला सुधा म्हणणारी एकच होती.

हॉलमध्ये आता सगळे एलईडी लाइट आहेत. दिसायला लख्ख, पण समोर हात धरा, शेक म्हणून लागणार नाही.

दुसरा कोणी असता तर जीव घेऊन पळाला असता. सुधाकर रडत खाली उतरला. कोठीत घुसला. तिथून त्याने जुना, हजार वॅटचा हॅलोजन स्पॉट ओढत आणला.

तेवढ्यात बंटी आला. "सुधाकर भिया, हे काय घेऊन बसले? पुराना माल आहे यार. बल्बपण भेटत नाही याचा. हा आखरी आहे."

"लाव."

"अरे, पण शो आज एलईडीवर..."

"बंटी, हात जोडतो तुझ्यापुढे. लाव."

बंटीने लावला. पिवळा उजेड पडला. काचेवरची धूळ जळल्याचा वास आला.

पट्टीवर कोणी नव्हतं...

पण स्टेजच्या फळ्यांवर सावली होती. बाईची. डावा गाल वर केलेली.

"आलं... आता आलं. बंद नको करूस."

बंटी चपला तिथेच टाकून जो पळाला, तो थेट खजराना गणपतीसमोर जाऊन बसला. आजतागायत त्याने त्या हॉलची पायरी चढलेली नाही. विचारा त्याला.

आणि सुधाकर? त्याला आनंद झाला हो! वेडा म्हणाला, आज मायलेकी एका उजेडात उभ्या राहतील. उर्वीला काही सांगितलं नाही. संध्याकाळी प्रयोगात तिला त्याच पट्टीवर, त्याच दिव्याखाली उभी केली.

पोर काय सुंदर बोलली! मी पहिल्या रांगेत रडत होते.

मग आला ब्लॅकआउट. नाटकात तो आहेच, चुकवून चालत नाही. सुधाकरने बटण खाली ओढलं.

मोठा बल्ब एकदम विझत नाही. आतली तार क्षणभर लाल राहते.

त्या लाल उजेडात सुधाकरला फळ्यांवर दोन सावल्या दिसल्या.

मग एक.

मग अंधार...

लाइट आले तेव्हा उर्वी पट्टीवर उभी होती. डोळे मिटलेले, डावा गाल वर. लोक टाळ्या वाजवत होते.

त्या दिवसापासून ती मे महिन्याच्या उन्हात गच्चीवर बसायची. भर दुपारी, डोळे मिटून, मजेत. कॉलेज सोडलं. बाबा म्हणायची बंद झाली. मी विचारपूस करायला गेले, तर दारातच हसून म्हणाली,

"या ना, वन्सं."

माझ्या हातातली पिशवी खाली पडली.

त्याच दिवशी सुधाकरने मला हे सगळं सांगितलं. पोह्यांची प्लेट समोर तशीच. इंदूरचा माणूस पोहे टाकतो म्हणजे काय ते समजा.

दुसऱ्या दुपारी त्याने मला हॉलवर नेलं. एलईडी लावला, शिडीवर चढला आणि रिकाम्या पट्टीकडे बघून विचारलं, "आलं का?"

मी देवाचं नाव घेत होते. काही ऐकू येऊ नये म्हणून घेत होते.

"बाबा... इथे खूप थंडी आहे."

आणि मग, अगदी जवळून,

"ए आत्या..."

मी तिला मांडीवर खेळवलंय हो. तो आवाज मी ओळखणार नाही का?

सुधाकरने धडपडत जुना स्पॉट लावला. फळ्यांवर सावली उमटली, अंग चोरून बसलेली. हळूहळू तिचे खांदे सैल झाले.

मी म्हटलं, पट्टी उचल, सोक्षमोक्ष लाव. तो माझ्या पायाशी बसला. "उचलली आणि ही पोरच गेली तर? घरातली तीच राहिली तर? मी काय करू, शैलजा?"

पट्टी अजून तिथेच आहे.

तेव्हापासून तो रोज दुपारी जातो. स्पॉट लावून पट्टीजवळ बसतो, तिला कॉलेजच्या गोष्टी विचारतो. पण बल्ब आता लुकलुकायला लागलाय. आम्ही सगळं मार्केट पालथं घातलं. जुने मांडववाले, लग्नाचे लाइटवाले, कोणी सोडलं नाही. मिळत नाही.

म्हणून हे लिहिलं. तुमच्या कोणाच्या माळ्यावर, कुठल्या बंद पडलेल्या हॉलच्या कोठीत हजार वॅटचा जुना हॅलोजन बल्ब असेल तर कळवा. मी स्वतः न्यायला येईन, कुठेही.

आणि कृपा करून सुधाकरच्या घरच्या नंबरवर फोन करू नका. बल्बचं त्या घरात आम्ही दोघांनी अवाक्षर काढलं नव्हतं. तरी आज सकाळी मी तिथे गेले, तर ती गच्चीवरून वाकून म्हणाली,

"वन्सं, कशाला शोधताय? मला आता ऊब लागतेय."