ही मांदेली नव्हे

गुरुवारी दुपारी साडेबाराच्या सुमारास रिक्षातून एक म्हातारी उतरली, वॉकर टेकत टेकत उर्मिला साटमच्या कचेरीत शिरली आणि खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाली, "माज्या डोक्यात बिघाड हाय का न्हाय, तेवढं शोदून दे."

मागोमाग दोरीला बांधलेली एक तांबूस कुत्री आत आली आणि टेबलाखाली गुपचूप बसली.

शशिकांतरावांनी चष्मा वर सरकवला. हे उर्मिलेच्या थोरल्या बहिणीचे यजमान. गिरगावातून मीरा रोडला आल्यापासून आणि विमा कंपनीतून निवृत्त झाल्यापासून घरी बायकोला त्यांची अडचण व्हायला लागली होती, म्हणून ते मेव्हणीच्या कचेरीत येऊन बसत. उर्मिला लग्नाआधीच्या चौकशा करी, हरवलेली माणसं शोधी. शशिकांतराव चहा मागवत आणि मतं देत. चहा बहुतेक वेळा बरोबर यायचा.

"डोक्याचं काम डॉक्टरांचं, आजी," ते म्हणाले.

"डाक्टरानीच तर घोळ घातलाय."

म्हातारीचं नाव शांताबाई. राहणार उत्तनजवळच्या चौक गावी, कोळीवाड्यात. महिन्यापूर्वी मासळी सुकवताना पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशननंतर भुलीच्या गुंगीत दोन दिवस त्या काहीबाही बरळल्या, मेलेल्या नवऱ्याला हाका मारल्या. डॉक्टर म्हणाले, या वयात असं होतं, उतरेल. उतरलंही. पण मुलाच्या मनात ते बसलं ते बसलंच.

"मी दवाखान्यात, तवा माजी मांदेली सोबती आसऱ्यात ठेवली होती. संस्था हाय जनावरांची. मालक आजारी पडला तर ते सांबाळतात, पैसा घेत न्हायत. आठ दिस झाले, लेकानं ही आणून दिली." त्यांनी टेबलाखाली बोट दाखवलं. "ही माजी मांदेली न्हाय."

"शेजारी काय म्हणतात?"

"तीच हाय म्हणतात. रंग तोच, कानाचा तुकडा तसाच. पण सुक्या बोंबलाला तोंड लावत न्हाय. कोळ्याची कुत्री बोंबील खात न्हाय, आयकलंय कधी? लेक म्हणतो, आये, तुला वळखू येत न्हाय. येत्या रविवारी माज्या घराला कुलूप लावून मला पूनम सागरला त्याच्या बिल्डिंगीत नेतोय, कायमची. आनि हिला परत आसऱ्यात." त्यांनी वॉकर जवळ ओढला. "मी येडी झाले असंन तर जाते. न्हाय झाले, तर का जाऊ?"

उर्मिला खाली बसून कुत्रीशी बोलत होती. जनावर गरीब होतं, लगेच पाठीवर आडवं झालं. पोटावरचे केस खुरटे होते, चार दिवस दाढी न केलेल्या गालासारखे. खरूज असावी, असं मत शशिकांतरावांनी दिलं. डाव्या कानाचं टोक कापलेलं होतं आणि कापलेली कड अजून गुलाबी होती.

"हा पट्टा?" उर्मिलेनं विचारलं. गळ्यात निळ्या नायलॉनची जाड दोरी होती.

"आमच्या ह्यांनी बांदलेला. जाळ्याची गाठ हाय ती. ते गेले, पण गाठ पाच वरसांत सुटली न्हाय."

उर्मिलेनं दोन बोटांनी गाठ चिमटीत धरून ओढली. ती सैल झाली. तिनं ती पुन्हा घट्ट केली.

बरोबर एक वाजता शेजारच्या मोबाइलवाल्यानं जेवायला म्हणून शटर खडखडत अर्ध्यावर ओढलं. कुत्री ताडकन उठली आणि शेपूट हलवत दाराशी जाऊन उभी राहिली.

"हिला बाहेर जायचंय वाटतं," शशिकांतराव म्हणाले.

"कुठेतरी जायचंय खरं," उर्मिला म्हणाली.

शांताबाईंचा मुलगा धनेश एका बँकेत होता. संध्याकाळी पूनम सागरच्या फ्लॅटमध्ये त्यानं उर्मिला आणि शशिकांतरावांना पाणी दिलं आणि हात जोडले.

"मॅडम, आईला खूश करायला खोटं बोलू नका. मीच कुत्रीला आसऱ्यात सोडलं, मीच परत आणलं. पट्टा तोच. फॉर्ममध्येही लिहिलंय, डावा कान कापलेला. अजून काय पाहिजे?"

"कुत्री तुमच्या ओळखीची होती?"

"महिन्यातून एकदा जातो मी. कुत्र्याकडे कोण बघतंय?" मग त्याचा आवाज उतरला. "ती तिथे एकटी असते. पुन्हा पडली तर? रात्ररात्र झोप नाही मला. एकदा इथे आली की सुटलो."

निघताना त्यानं आईची औषधं आणि चिवड्याचं पाकीट एका पिशवीत भरलं, सुतळी घेतली आणि बोलता बोलता, खाली न बघता तोंड बांधून टाकलं. "उद्या चौकला जाणारच आहात, तर एवढं द्याल?"

रिक्षात शशिकांतरावांना चिवड्याचा वास आला. खायचं काही त्यांच्या नाकातून सुटत नसे. जरा चव बघू म्हणून त्यांनी सुतळी सोडायला घेतली. रिक्षा हाटकेशच्या कारखान्यांपर्यंत येईस्तोवर नखं दुखली, पण गाठ हलेना.

"मला विचाराल तर याचंच काम," ते चिडून म्हणाले. "घर रिकामं करायचंय. कुत्री बदलायची, आईला वेडी ठरवायची, की झालं. अगदी सरळ आहे."

"भाऊजी, तुम्ही ती गाठ सोडवा आधी," उर्मिला म्हणाली.

शुक्रवारी चौकला शांताबाईंना पिशवी देऊन ते आसऱ्यात गेले. उत्तनच्या चढावर पत्र्याची लांब शेड, पुढे आंब्याची दोन झाडं. संचालिका क्षितिजा तिशीची होती आणि दोन फोनवर एकाच वेळी बोलत होती.

"लोकांना वाटतं आम्ही भटकी कुत्रीच बघतो," ती म्हणाली. "तेही करतो. उचलतो, नसबंदी करतो, कान कापून खूण करतो आणि जिथून उचललं तिथेच सोडतो, तसा नियमच आहे. पण खरा प्रश्न मालकांचा आहे. माणूस दवाखान्यात गेला की घरचे जनावर रस्त्यावर टाकतात. म्हणून ही योजना काढली. बरे व्हा आणि घेऊन जा. आत्ता कुठे लोक विश्वास ठेवायला लागलेत. मी सगळ्यांना बजावलंय, एक चूक झाली की योजना बंद."

"मांदेलीची नसबंदी कधीची?"

"आमच्याकडेच, चार वर्षांपूर्वी. म्हणून तर कान कापलेला. आणि मालकाचा पट्टा आम्ही कधीच काढत नाही. त्यावरूनच तर ओळख."

मागे दशरथ कुत्र्यांना आंघोळ घालत होता. जव्हारकडचा शेतकरी माणूस, पन्नाशीचा, हात मोठे आणि मऊ. दर शुक्रवारी सगळ्यांना औषधाच्या पाण्यानं धुवायचं, मग दुपारी बरी झालेली भटकी कुत्री गाडीनं सोडायची, असा इथला रिवाज.

"गोचिडी फार असतात का हो?" उर्मिलेनं विचारलं.

"तर काय. आन् बसतात कुठं? पट्ट्याच्या खाली. तिथं ब्रश फिरला नाही तर आंघोळ करून न केल्यासारखी."

मांदेलीचं नाव निघाल्यावर तो बादली उचलून नळाकडे गेला. शशिकांतरावांना तो उद्धट वाटला.

गाडीवाला शिवा मात्र बोलका. त्यानं मोबाइलवर फोटो दाखवले. कुत्रं सोडलं की पुरावा म्हणून फोटो काढायचा. "दार उघडलं की गोळीसारखी सुटतात, साहेब. आपला एरिया तो आपला एरिया. फोटो काढेपर्यंत गायब." मग तो हसला. "एखादी निघते वेडी. दोन आठवड्यांपूर्वी हाटकेशला सोडली, ती उतरेचना. ओढून काढली, तर नाक्यापर्यंत गाडीमागे धावली."

त्या फोटोत तांबूस पाठ होती, आणि दारावर टेकलेले दोन पाय.

शशिकांतरावही हसले. उर्मिला हसली नाही. तिनं क्षितिजाला एवढंच सांगितलं, "उद्या साडेबाराला गाडी, दशरथ आणि शिवा मला हवेत. तुम्हीही या. शांताबाई आणि धनेशला मी आणते."

शनिवारी सगळे हाटकेशच्या गाळ्यांसमोर उभे होते. आत पत्रा कापायच्या मशिनी चालू होत्या. शांताबाईंना गाडीच्या पायरीवर बसवलं होतं. 'मांदेली' शेजारी होती, आणि आज तिला दोरीनं आवरावं लागत होतं.

"ऑफिसमधून अर्धा दिवस घेऊन आलोय मी," धनेश म्हणाला. "काय ते लवकर सांगा."

"सांगते. तुमच्या आईचं डोकं ठिकाणावर आहे. ही मांदेली नाही."

धनेशनं वाकून कुत्रीकडे पाहिलं.

"हिच्या कानाची कड गुलाबी आहे. चार वर्षांपूर्वीची जखम अशी नसते, त्यावर केस येतात. पोटावरचे केसही खुरटे आहेत, कारण ऑपरेशनसाठी तिथे वस्तरा फिरलाय. म्हणजे हिची नसबंदी गेल्या महिन्यातली. भाऊजींना खरूज वाटली."

शशिकांतराव आभाळाकडे पाहू लागले.

"मग बदललं कोणी? पट्टा तोच, पण गाठ वेगळी. जाळ्याची गाठ ओढली की आवळते, ही सुटत होती. म्हणजे पट्टा काढून दुसऱ्या गळ्यात बांधला, तो कोळ्याच्या हातानं नव्हे. भाऊजींना धनेशचा संशय होता. पण परवा धनेशनं माझ्यासमोर सुतळीची गाठ मारली, न बघता. ती काल आजींनीच सोडवली, आमच्याच्यानं सुटली नाही. त्यानं पट्टा बांधला असता, तर बोटांनी आपोआप जाळ्याचीच गाठ मारली असती."

"लहानपणी वडिलांबरोबर जाळी विणलीत मी," धनेश पुटपुटला.

"राहिला आसरा. क्षितिजा म्हणाली, पट्टा काढत नाही. दशरथ म्हणाला, पट्ट्याखाली ब्रश फिरवावाच लागतो. दोघंही खोटं बोलत नव्हते. एकीनं नियम सांगितला, दुसऱ्यानं काम. दोन आठवड्यांपूर्वीच्या शुक्रवारी दोन तांबूस माद्या धुतल्या, दोघींचाही डावा कान कापलेला. एक घरची, एक हाटकेशची. ओल्या अंगानं दोघी सारख्याच दिसल्या, आणि पट्टा चुकीच्या गळ्यात गेला. मग शिवा पट्टा नसलेलीला घेऊन निघाला, आणि त्याला वाटलं ती वेडी आहे. भटकी कुत्री आपल्या जागेवर उतरली की पळते. ही गाडीमागे धावली, कारण ही तिची जागा नव्हती."

शिवानं मोबाइल खिशात घातला. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू कधीच गेलं होतं.

दशरथ पुढे आला. "बैलाला दावं बांदतात तशी गाठ मारली मी. दुसऱ्या दिवशी तिनं बोंबील हुंगून सोडला, तवाच काळजात चर्र झालं होतं. पण मॅडम म्हणाल्या होत्या, एक चूक झाली तर सगळं बंद. इतकी जनावरं कुठं गेली असती? जीभ उचलली नाही माझी."

क्षितिजाचे डोळे भरले. "चूक सांगायची सोयच मी ठेवली नाही. माझीही चूक आहे, दशरथदादा."

तेवढ्यात एक वाजला. मशिनी थांबल्या आणि गाळ्यांची शटर एकामागून एक खडखडत खाली आली. तांबूस कुत्रीनं उर्मिलेच्या हातातली दोरी हिसकावली आणि थेट सातव्या गाळ्याकडे धाव घेतली. डबे घेऊन बाहेर आलेले कामगार ओरडले, "अरे, रानी आ गयी! कहाँ थी इतने दिन?"

"हिच्या जेवणाची वेळ," उर्मिला शशिकांतरावांना म्हणाली. मग तिनं कामगारांना विचारलं, "और दूसरी? ऐसी ही दिखनेवाली?"

"वो? वो तो नाके पे बैठी रहती है, मॅडम. रोटी देते हैं, थोडा खाती है, फिर रस्ता देखती है."

शांताबाई उठल्या. धनेश धरायला पुढे आला, पण त्यांनी वॉकर पुढे टाकला होता. नाक्यापर्यंत शंभर पावलं असतील. विजेच्या खांबाखाली एक मळकट, बरगड्या निघालेली कुत्री रस्त्याकडे तोंड करून बसली होती.

"मांदेले, चल घरा," शांताबाई नेहमीच्या आवाजात म्हणाल्या.

कुत्रीनं मान वळवली. मग ती अशी आली की शिवानं मागून वॉकर धरला म्हणून बरं. तिचं तोंड शांताबाईंच्या पदरात होतं आणि ती लहान पोरासारखी कण्हत होती. शशिकांतरावांनी चष्मा काढून पुसला. तो बराच वेळ पुसावा लागला.

धनेश बाजूला उभा होता. आठ दिवस आई खरं बोलत होती आणि आठ दिवस आपण तिला समजुतीनं घेत होतो, हे त्याला आता लख्ख दिसत होतं.

"आये, चुकलं माझं," तो म्हणाला. "पण तू पुन्हा पडलीस तर?"

"ते भ्या मलापन हाय," शांताबाई म्हणाल्या. "येडी म्हणून नेऊ नको. भ्या वाटतंय म्हणून बोल, मंग बसून ठरवू."

क्षितिजा पुढे झाली. "आजी चालायला लागेपर्यंत आमचं माणूस सकाळ-संध्याकाळ चौकला येईल. मांदेलीला फिरवून आणेल, आजींकडेही बघेल. खरं तर हे आधीच सुचायला हवं होतं."

"दशरथला पाठीव," शांताबाई म्हणाल्या. "त्याला कामावरून काडायचा न्हाय. गाठ मी शिकवीन."

दशरथनं त्यांच्या पायांना हात लावला.

धनेशनं फोन काढून बायकोला लावला. "अगं, उद्याचा टेम्पो रद्द कर. नाही, आई येत नाहीये. तब्येत एकदम ठीक आहे तिची." मग तो आईकडे पाहत म्हणाला, "उद्या मुलांना घेऊन आपणच जाऊ तिच्याकडे. मुक्कामाला."