आमच्याबद्दलचं पान

तो पहिल्यांदा दुकानात आला तेव्हा त्याच्या डोक्यावर खुर्ची होती. बाहेर पाऊस कोसळत होता आणि या गृहस्थाने लाकडी खुर्ची उलटी करून छत्रीसारखी धरली होती. खुर्चीची वेताची बैठक मधोमध फाटलेली, त्यामुळे पाणी बरोबर त्याच्या टाळूवर पडत होतं.

“छत्री म्हणून आणली होती,” तो म्हणाला, “पण गळतेय. दुरुस्त होईल?”

मी हसू दाबलं. आमचं काम तेच, वेताच्या खुर्च्या विणायचं. बाबांनी चाळीस वर्षं विणल्या. दोन वर्षांपूर्वी त्यांची बोटं आखडली, तेव्हापासून मी विणते आणि बाबा शेजारी बसून चुका काढतात. गल्ल्यावर आत्या असते, आणि दुकानात शब्द चालतो तो तिचाच.

“होईल,” मी म्हणाले. “आठ दिवस लागतील.”

“आणि तुमच्या वेबसाइटला किती दिवस लागतील?”

वेबसाइटवरचा पत्ता बघून तो आधी आमच्या जुन्या जागेवर गेला होता, आणि तिथून अर्धा तास खुर्ची डोक्यावर घेऊन फिरत होता. चूक आमचीच होती. पाच वर्षांपूर्वी मामेभावाने हौसेने वेबसाइट उभी करून दिली आणि मग तिच्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. या गृहस्थाने आपला मोबाइल माझ्यापुढे धरला. पहिल्याच पानावर लिहिलं होतं, ‘नमस्कार! ही तुमची पहिली पोस्ट आहे. ती बदला किंवा काढून टाका.’

“पाच वर्षं बिचारी सांगतेय,” तो म्हणाला. “तुम्ही ऐकतच नाही.”

तो लहान दुकानांच्या वेबसाइट बनवायचा. आत्याने तिथल्या तिथे सौदा करून टाकला… त्याला खुर्ची विणून द्यायची, आम्हाला त्याने वेबसाइट विणून द्यायची. त्या दिवसापासून त्याचं नाव वेबसाइटवाला पडलं.

तो रोज दुपारी यायचा. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून मांडीवर लॅपटॉप घ्यायचा. ज्यावर तो काम करत होता ते सॉफ्टवेअर फुकट मिळतं हे कळल्यावर आत्याने त्याची उलटतपासणी घेतली.

“फुकट? मग बनवतं कोण?”

“ज्यांना गरज पडली त्यांनी बनवलं, आत्या, आणि इतरांसाठी ठेवून दिलं. आतली सगळी जोडणी उघडी असते. कोणीही बघावी, सुधारावी, पुढे द्यावी.”

“म्हणजे आपल्या विणीसारखंच की,” बाबा म्हणाले. आमच्याकडे कोणीही आलं तरी बाबा वीण शिकवतात, लपवून ठेवत नाहीत. त्या दिवसापासून बाबांनी त्याच्याही चुका काढायला सुरुवात केली. बाबांच्या लेखी हा मोठा मान आहे.

मलाही तो शिकवायचा. नवं पान कसं जोडायचं, फोटो कसा चढवायचा, कोणती गोष्ट कधी अपडेट करायची. मी बटण दाबताना घाबरायचे.

“घाबरायचं काय त्यात? काहीही बिघडलं तरी हे सॉफ्टवेअर पानाची प्रत्येक जुनी आवृत्ती जपून ठेवतं. मागे जायचं आणि हवी ती परत आणायची.”

“म्हणूनच तुम्ही दर दोन मिनिटांनी सेव्ह करता का? किती वेळा दाबता ते बटण!”

“सवय आहे. विचार करताना बोटं आपोआप जातात.” मग थोडा थांबून… “आणि मला अहो-जाहो नको. पावसात भिजलेला उंदीर झालेला असताना पाहिलंय मला.”

“बरं,” मी म्हणाले. “तू भिजलेला उंदीर.”

खुर्चीचे आठ दिवस पंधरावर गेले. मी एक ओळ विणायचे, नीट नाही म्हणून उसवायचे. वेबसाइटही काही संपत नव्हती. रोज एखादा रंग त्याला खटकायचा. बाबा दोघांकडे आळीपाळीने बघायचे आणि पेपर वाचायचं सोंग करायचे. मला कळत होतं काय चाललंय, पण बोलायचं म्हटलं की माझं घोडं तिथेच अडतं. वाक्य जुळवते, चूक दिसते, उसवते. तोवर समोरचा उठून गेलेला असतो.

मंगळवारी त्याने सांगितलं की वेबसाइट पूर्ण झाली. आणि दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या कंपनीने त्याला नोकरी देऊ केली होती. शुक्रवारी संध्याकाळी सातपर्यंत उत्तर कळवायचं होतं.

“चांगली आहे?” मी विचारलं.

“मोठी आहे. हजार पानांची एक वेबसाइट, त्यातल्या एका कोपऱ्याचं काम माझ्याकडे.” तो लॅपटॉपचं झाकण उघडमीट करत राहिला. “तसं इथे थांबायलाही काही कारण नाही… आहे का?”

आहे, असं म्हणायला किती वेळ लागतो? मी म्हणाले, “मला वेत भिजत घालायचाय,” आणि आत निघून गेले. बादलीपाशी उभी राहून स्वतःला मनसोक्त शिव्या दिल्या. बाहेर आले तेव्हा तो निघायच्या बेतात होता.

“शुक्रवारी खुर्ची न्यायला येतो,” तो म्हणाला. “त्याआधी वेबसाइटवरचं माझं खातं काढून टाक. काम संपल्यावर बाहेरच्या माणसाकडे किल्ली ठेवू नये.”

गुरुवारी मी पहिल्यांदाच एकटीने वेबसाइट उघडली. ‘आमच्याबद्दल’च्या पानावर बाबांचा नवा फोटो लावायचा होता. फोटो लागला, पण वरचा अख्खा परिच्छेद उडाला. मग त्याचं बोलणं आठवलं आणि मी जुन्या आवृत्त्या उघडल्या. माझी ही सोडली तर त्रेचाळीस होत्या. सगळ्या त्याच्याच नावावर. वरची पट्टी मागे सरकवली की पान जुनं होत जायचं.

पहिल्या आवृत्तीत लिहिलं होतं, ‘इथे वडील आणि मुलगी काम करतात.’ सहाव्या आवृत्तीत त्यापुढे आलं, ‘वेत भिजवायचं पाणी किती कोमट आहे ते मुलगी कोपर बुडवून बघते.’ मी हे करते हे मलाच ठाऊक नव्हतं. एकोणिसाव्यात, ‘वीण चुकली की दहा ओळी उसवते, पण चिडत नाही. मी असतो तर खुर्ची रस्त्यावर फेकली असती.’ एकतिसाव्यात, ‘ती हसू दाबते तेव्हा डाव्या गालावर आधी खळी पडते.’ चाळिसाव्यात एवढंच, ‘हिला विचारायचंय. हिच्याच वेबसाइटवर लिहून काय उपयोग, मूर्खा.’

त्रेचाळिसाव्या आवृत्तीत हे सगळं खोडलेलं होतं आणि पुन्हा तेच वाक्य होतं, ‘इथे वडील आणि मुलगी काम करतात.’ लोकांना दिसलं ते एवढंच. विचार करता करता त्याची बोटं सेव्हवर जात राहिली होती, आणि त्याचा त्यालाच पत्ता नव्हता.

मी त्रेचाळिसावी आवृत्ती परत आणली आणि लॅपटॉप मिटला. डावा गाल चाचपून पाहिला. मग उरलेली बैठक एका दमात विणून काढली, आणि बाबांना तिच्यात एकही चूक सापडली नाही.

शुक्रवारी दुपारी त्याचं खातं काढायला बसले. सांगितलेलं काम टाळणाऱ्यातली मी नाही. त्याच्या नावापुढे ‘काढून टाका’ दाबलं, तर पडद्यावर एक प्रश्न आला. या सदस्याने लिहिलेल्या मजकुराचं काय करायचं? सगळा पुसायचा, की दुसऱ्या कोणाच्या नावावर करायचा? मी बराच वेळ त्या प्रश्नाकडे बघत बसले.

पाच वाजता तो आला. पावसाची भुरभुर होती आणि या खेपेला हातात खरी छत्री होती. खुर्चीवर हात फिरवून तो म्हणाला, “आता ही गळणार नाही.” मग विचारलं, “खातं काढलंस?”

“नाही.”

“अगं, का?”

“ते विचारतं, या माणसाने लिहिलेलं पुसायचं की कोणाच्या नावावर करायचं. मी म्हटलं, विचारून सांगते.” मी श्वास घेतला. “मी त्रेचाळीसही आवृत्त्या वाचल्या.”

त्याचे कान लाल झाले. त्याने खुर्ची खाली ठेवली, मग उचलली, मग परत ठेवली. गल्ल्यावर आत्याचं मोजणं थांबलं.

“ते… मी खोडलं होतं.”

“आणि सेव्हही केलं होतंस.”

भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. माझ्या मनात वाक्य जुळत होतं, उसवत होतं. शेवटी जे तोंडाला आलं ते बोलून टाकलं.

“तू गेलास तर वेबसाइट कोण सांभाळणार?”

त्याचा चेहरा उतरला. “तुला येतं की आता सगळं. काही अडलं तर फोन कर, मी तिथून—”

“थांब. मी चुकीचं बोलले.” या वेळी मी आत पळाले नाही. “वेबसाइट मला येते सांभाळता. काल बिघडलेलं पान मी एकटीने परत आणलं. वेबसाइटसाठी तू नकोयस मला. असाच हवा आहेस. जाऊ नकोस.”

तो नुकत्या विणलेल्या खुर्चीत बसला, उभं राहवत नसल्यासारखा. खिशातून मोबाइल काढून काहीतरी लिहिलं आणि माझ्याकडे दिला. दोनच ओळी होत्या. नोकरीबद्दल आभार, पण मी इथेच थांबतोय.

“वाचून घे,” तो म्हणाला. “हे पाठवलं की मागे जाता येत नाही.”

मी वाचलं. मग माझ्याच बोटाने ‘पाठवा’ दाबलं.

“आणि त्या मजकुराचं काय ठरलं?” त्याने हळूच विचारलं. “कोणाच्या नावावर करायचा?”

“तुझ्याच नावावर राहू दे,” मी म्हणाले. “फक्त आता खोडू नकोस.”

“अरे, खुर्चीत बसलायस ते बरं केलंस,” बाबा पेपरामागून म्हणाले. “बैठक ताणून बघायचीच होती.”

आत्या चहा टाकायला उठली. जाता जाता तिने चार कप काढले आणि मला म्हणाली, “ते पान तेवढं बदल गं. दोनच माणसं लिहिली आहेत त्यावर.”